पहिले तीन महिने, अंगाची खाज आणि पर्समधली गोळी



आजचा विषय कुठल्याही इयत्तेच्या पुस्तकात नाही. पण तो आपल्या स्टाफरूममध्ये आहे, आपल्या घरात आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत आमच्या एक तरुण सहकारी बाई सारख्या मनगटं आणि कंबर खाजवत होत्या. रात्रभर झोप नाही, डोळे लाल झालेले. स्टाफरूममध्ये सल्ल्यांना काय तोटा! कुणी म्हणालं पित्त उठलंय, आमसूल लावा. कुणी म्हणालं रक्त बिघडलंय, कडुलिंबाचा रस घ्या. मी पर्स उघडली. मला मागे खाज सुटली होती तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची अर्धी पट्टी त्यात पडून होती. "ही घ्या, रात्री एक घेतली की छान झोप लागेल," असं म्हणून मी ती पट्टी त्यांच्या हातात दिली. त्या "हो बाई" म्हणाल्या आणि तासाला गेल्या.

रात्री नऊ वाजता त्यांचा फोन आला. आवाज अगदी हळू. "बाई, रागावू नका, गोळी मी घेतली नाही. मला दिवस गेलेत, सातवा आठवडा चालू आहे. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं सासूबाई म्हणाल्यात, म्हणून सगळ्यांसमोर बोलले नाही. पट्टीवर हायड्रॉक्सिझिन लिहिलंय. चालेल का हो?"

मला उत्तर देता आलं नाही. "घेऊ नका, उद्या डॉक्टरांना दाखवा," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की या औषधाच्या माहितीपत्रकातच गरोदरपणाच्या सुरुवातीला ते देऊ नये असं लिहिलेलं असतं. मी इतकी वर्षं विज्ञान शिकवते, आणि समोरच्या बाईला एक प्रश्नही न विचारता औषध दिलं होतं.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. तो तुमच्यापुढे मांडते.

पहिल्या तीन महिन्यांचंच एवढं काय?

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकते तेव्हाच चार आठवडे मोजून झालेले असतात. पाचव्या ते दहाव्या आठवड्यात बाळाचे बहुतेक अवयव आकार घेतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास हृदय धडधडू लागतं. मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून बनतात ती नळीही त्याच सुमारास मिटते. पुढचे महिने मुख्यतः वाढीचे. घराचा पाया भरताना झालेली चूक आणि रंग देताना झालेली चूक यांत जो फरक, तोच इथे.

जगाला हे फार मोठी किंमत मोजून कळलं. पश्चिम जर्मनीत 1957 मध्ये थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध बाजारात आलं. ते अतिशय सुरक्षित आहे अशी जाहिरात होती. गरोदर स्त्रिया मळमळीसाठीही ते घेऊ लागल्या. पुढे हात-पाय न वाढलेली बाळं जन्मू लागली. जर्मनीत विदुकिंड लेंझ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी धोका ओळखला आणि 1961 च्या अखेरीस जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं. तोपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळांना त्याची झळ पोहोचली होती, असा अंदाज आहे. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी "पुरावा पुरेसा नाही" म्हणत त्या औषधाला विक्रीची परवानगीच दिली नाही.

यातली एक गोष्ट आपल्या विषयाला थेट लागू पडते. थॅलिडोमाइडचा धोका मुख्यतः गर्भधारणेनंतरच्या 20 व्या ते 36 व्या दिवसांत होता. म्हणजे पाळी चुकल्यावरचे साधारण पहिले तीन आठवडे. आपल्याकडे बातमी घरातल्या घरात दाबून ठेवतात तो हाच काळ.

"तीन महिने सांगायचं नाही" या रीतीमागे काळजी आहे, हे मला समजतं. सुरुवातीच्या काळात गर्भपाताचं प्रमाण जास्त असतं, नंतर लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागू नये, असा विचार त्यात असतो. शेजाऱ्यांना सांगू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, काही हरकत नाही. पण जो कुणी तुम्हाला औषध देतोय, त्याला सांगितलंच पाहिजे. डॉक्टर असो, मेडिकलवाला असो, नाहीतर माझ्यासारखी पर्समधून गोळी काढणारी बाई असो.

खाज कशाकशाने येते?

या दिवसांत शरीरातली संप्रेरकं आणि रोगप्रतिकारशक्ती बदलतात, त्वचा कोरडी पडते. ज्यांना लहानपणापासून इसब, दमा किंवा ॲलर्जीचा त्रास आहे त्यांची खाज या काळात उसळू शकते. कोपराच्या, गुडघ्याच्या खोबणीत, मानेवर बारीक पुरळ येतं. ते त्रासदायक असतं, पण बाळाला त्यामुळे अपाय होत नाही.

काही कारणांचा गरोदरपणाशी संबंधच नसतो. जांघेत, कमरेला गोल चट्टे आणि कडेला लालसर उंचवटा असेल तर ते बहुधा गजकर्ण. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुळ्या आणि रात्री वाढणारी खाज असेल, घरातल्या आणखी कुणाला खाज असेल, तर खरूज. अचानक उठणाऱ्या आणि काही तासांत विरणाऱ्या गांधी म्हणजे आपण ज्याला अंगावर पित्त उठणं म्हणतो ते. योनीमार्गात खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव असेल तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. या दिवसांत तो बराच आढळतो. लाजून सहन करण्याचं काही कारण नाही.

आणि आपल्या शिक्षकी पेशाचा खास मुद्दा: वर्गातून येणारे आजार. कांजिण्या आणि रुबेला. 2018 च्या अखेरीस आपण शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरण मोहीम राबवली होती, आठवतं ना? ती कशासाठी होती, तर पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळाचं हृदय, डोळे आणि कान यांना गंभीर इजा होऊ शकते म्हणून. वर्गात एखाद्या मुलाला कांजिण्या निघाल्या आणि गरोदर बाईंना पूर्वी त्या झालेल्या नसतील, लसही घेतलेली नसेल, तर अंगावर फोड यायची वाट बघू नये. संपर्क आला त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. अशा वेळी द्यायचं संरक्षक इंजेक्शन ठरावीक दिवसांतच उपयोगी पडतं. या दोन्हींच्या लसी गरोदरपणात देत नाहीत, त्या आधीच घ्यायच्या असतात.

कोणती खाज अंगावर काढायची नाही?

तळहात-तळपायांना खाज, रात्री जास्त, आणि अंगावर पुरळ मात्र नाही. ही खाज यकृताशी संबंधित असू शकते. बहुतेक वेळा ती शेवटच्या तीन महिन्यांत येते, क्वचित लवकरही. रक्तातल्या पित्ताम्लांची आणि यकृताची तपासणी करून ती ओळखता येते. "बाळाला केस भरपूर असणार म्हणून खाज सुटते" असं म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये.

खाजेबरोबर डोळे पिवळे, लघवी गडद, उलट्या, अंगात ताप असेल तर कावीळ समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदर स्त्रियांना जिवावर बेतू शकते. कावीळ उतरवून घेण्यात एकही दिवस घालवू नका.

अंगावर गांधी उठून ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट 108. पाण्याने भरलेले फोड आले, नवीन औषध सुरू केल्यावर अंगभर पुरळ उठलं, किंवा खाजवून जखमा पिकल्या, तरीही दाखवायलाच हवं.

गोळ्या आणि मलमं

खाली औषधांची नावं देते आहे ती दुकानात जाऊन मागण्यासाठी नव्हे. डॉक्टर काय देतात आणि का देतात हे कळावं, आणि कुणी भलतंच दिलं तर प्रश्न विचारता यावा, यासाठी.

खाजेच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. क्लोरफेनिरामिन, लोराटाडिन, सेट्रिझिन ही औषधं अनेक वर्षांपासून गरोदर स्त्रियांना दिली जात आहेत आणि त्यांच्यामुळे बाळात व्यंग वाढल्याचं दिसलेलं नाही. म्हणून गरज असेल तर डॉक्टर बहुधा यांतलंच एखादं निवडतात. हायड्रॉक्सिझिन सुरुवातीच्या काळात टाळतात. प्राण्यांवरच्या चाचण्यांत फार मोठ्या मात्रेत त्याने व्यंग आढळलं होतं. सर्दी आणि ॲलर्जीच्या जोडगोळ्यांमध्ये दोन-तीन औषधं एकत्र असतात, त्यामुळे "नुसती ॲलर्जीची गोळी" असं समजू नये. पट्टीवरचा बारीक मजकूर वाचावा.

गजकर्णासाठी क्लोट्रिमाझोलसारखं साधं मलम या काळात चालतं. पण फ्लुकोनाझोल, ग्रिसिओफल्विन यांसारख्या बुरशीवरच्या पोटात घ्यायच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.

सगळ्यात जास्त गैरवापर होतो तो "सगळ्यावर चालणाऱ्या" मलमाचा. एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून घरोघरी त्याची ट्यूब सापडते. पण गजकर्णावर स्टेरॉइड लावलं की चट्टा वरून फिका पडतो आणि आत पसरत राहतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला, पण ती अजूनही सहज मिळतात. स्टेरॉइड म्हणजे विष, असंही नाही. इसबासाठी सौम्य किंवा मध्यम ताकदीचं मलम डॉक्टर गरोदरपणातही देतात आणि ते वापरायला हरकत नसते. अतिशय तीव्र मलम भरपूर प्रमाणात, दीर्घकाळ वापरलं तर बाळाचं वजन कमी भरण्याचा संबंध आढळला आहे. म्हणून कोणतं, किती आणि किती दिवस, हे विचारून घ्या.

खरजेसाठी पर्मेथ्रिनचं पाच टक्क्यांचं मलम गरोदरपणात देतात, आयव्हरमेक्टिनची गोळी सहसा टाळतात. मलम मानेपासून तळपायापर्यंत लावून रात्रभर ठेवायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. यातला महत्त्वाचा भाग असा की खाज असो वा नसो, घरातल्या सगळ्यांवर एकाच दिवशी उपचार करावे लागतात. एकटीने लावून उपयोग नाही.

मुरुमांवरची आयसोट्रेटिनोइनची गोळी आणि सोरायसिसवरची मेथोट्रेक्सेट ही दोन नावं मात्र पक्की लक्षात ठेवा. ती गरोदरपणात पूर्णपणे वर्ज्य आहेत. आधीपासून चालू असतील तर दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलायला हवं.

"आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" हे वाक्यही तपासून घ्यायला हवं. वनस्पतीतही औषधी द्रव्यं असतात, आणि काही भस्मं व रसौषधींमध्ये पारा, शिसं यांसारखे धातू असू शकतात. वैद्यांकडे जायचं तर जरूर जा, पण त्यांनाही आठवडा सांगा. कडुलिंबाचा रस किंवा तेल पोटात घेऊ नका. खोबरेल तेलात कापूर घालून अंगभर चोळण्याची आपल्याकडे सवय आहे. कापूर त्वचेतून शरीरात जातो, त्यामुळे या दिवसांत नुसतं खोबरेल बरं.

सहन करत बसणं हाही उपाय नाही

माझ्या चुकीच्या उलट टोकाची एक चूक असते. "पोटात बाळ आहे, काही म्हणजे काही घ्यायचं नाही." मग बाई रात्र-रात्र जागते, खाजवून कातडं सोलवटतं, जखमा पिकतात आणि शेवटी जंतुसंसर्गासाठी जास्त औषधं घ्यावी लागतात. काही जणी तर थायरॉइडची, फिट्सची किंवा दम्याची चालू औषधंही आपल्या मनाने बंद करतात. ते फार धोक्याचं आहे. औषध बदलायचं की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं.

आणि समजा, कळायच्या आधीच एखादी गोळी घेतली गेली असेल तर? घाबरून जाऊ नका. नेहमीच्या बहुतेक औषधांच्या एखाद्या गोळीने काही होत नाही. कुठलंही औषध न घेतलेल्या मातांच्या बाळांमध्येही शंभरात दोन-तीन बाळांना काही ना काही जन्मजात दोष असतो, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचं खापर त्या गोळीवर आणि त्या आईवर फोडू नये. पट्टी जपून ठेवा, तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. गर्भ ठेवायचा की नाही असे निर्णय भीतीपोटी घ्यायचे नसतात.

घरी काय करता येईल?

गरम पाण्याने खाज क्षणभर थांबते आणि नंतर दुप्पट होते. म्हणून कोमट पाण्याने, थोडक्यात आंघोळ. साबण सौम्य आणि कमी. पाण्यात जंतुनाशक द्रव टाकू नका, त्याने त्वचा आणखी कोरडी पडते. अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं पेट्रोलियम जेली लावा. खाज आली की थंड पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा. कॅलामाइन लोशन चालतं. सैल सुती कपडे, कापलेली नखं. रात्री झोपेत खाजवलं जात असेल तर हातात सुती मोजे घाला. मूठभर साध्या गोष्टी आहेत, पण पुष्कळ जणींना एवढ्यानेच झोप लागते.

दुकानात आणि दवाखान्यात काय बोलायचं?

मुलांना आपण संवाद पाठ करायला देतो, तसा हाही करून ठेवा: "मला दिवस गेलेत. अमुक आठवडा चालू आहे. ही ही औषधं आधीपासून चालू आहेत. अमुक औषधाची मला ॲलर्जी आहे. हे औषध या आठवड्यात चालतं का?" पाच वाक्यं आहेत. मोठ्याने बोलायची लाज वाटत असेल तर कागदावर लिहून पुढे करा. औषध आणायला नवरा किंवा दीर जाणार असेल तर त्याच्या हातात तो कागद द्या. पट्टीवर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

विचारायला जागाही आहेत. गावातल्या आशाताई आहेत, 104 या क्रमांकावर आरोग्यविषयक सल्ला मिळतो, आणि प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते.

पुढे काय झालं?

आमच्या बाईंना निघाली खरूज. जाऊबाईंचा धाकटा मुलगा बालवाडीतून ती घेऊन आला होता. आता आली का पंचाईत! उपचार घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री करायचा, आणि घरात दिवस गेल्याची बातमी फक्त सासूबाईंना आणि नवऱ्याला ठाऊक. "सगळ्यांनी मलम लावायचंच, असं एवढं काय झालं?" असं जाऊबाईंनी विचारल्यावर सासूबाईच म्हणाल्या, "अगं, तिला दिवस गेलेत." तीन महिन्यांची गुप्तता सात आठवड्यांत संपली. त्या रात्री घरातल्या सात जणांनी मलम लावलं, दुसऱ्या दिवशी अंथरुणं-पांघरुणं गरम पाण्यात धुतली. खाज पूर्ण जायला तीन आठवडे लागले, कारण किडे मेले तरी खाज काही दिवस राहते. मार्चमध्ये त्यांना मुलगी झाली. बारशाला मी गेले होते. जाऊबाई हसत म्हणाल्या, "बाई, हिची बातमी आम्हाला खरजेने दिली."

मी हसले, पण माझ्या डोक्यात पर्समधली ती पट्टी होती. त्यांनी रात्री फोन केला नसता तर? संकोचाने गोळी घेऊन टाकली असती तर?

म्हणून शिक्षक मैत्रिणींनो आणि मित्रांनो, तुम्हाला दोन विनंत्या. आपली उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नका, कितीही माया असली तरी. आणि समोर तरुण बाई खाजवत, कण्हत, न झोपता बसलेली दिसली तर चारचौघांत प्रश्न विचारू नका. तिला बाजूला घ्या आणि हळूच म्हणा, "डॉक्टरांना दाखव, आणि काही सांगण्यासारखं असेल तर त्यांना आधी सांग." पालकहो, घरातल्या सुनेला, मुलीलाही हेच सांगा. बातमी जगापासून लपवा हवी तर, औषध देणाऱ्यापासून नको.